शालननं पाहिलेली रेघ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, साडूला नाही, ज्याच्याशी रोज सकाळी बाकावर बसतो त्या शेजाऱ्याला तर नाहीच. देवापुढे हात जोडतो, पण तिथंही हा विषय काढला नाही — काढला असता तर त्यानं तरी काय केलं असतं? आता लिहितोय. माझी शाळा सातवीपर्यंत. लिहिण्यात चुका दिसतील. दिसू देत. मोठी चूक पुढे आहे.

माझी बायको शालन जाऊन दहा महिने झाले. लोक येतात, चहा पितात, ‘सावरा स्वतःला’ म्हणतात. मी काय घसरून पडलोय? जेवतो, झोपतो, हडपसरपलीकडच्या मांजरी गावातल्या ह्या सोसायटीची लिफ्टसुद्धा बहुतेक चालू असते. ही इमारत उभी आहे तिथं पूर्वी शालनच्या माहेरचा ऊस होता. खिडकीत उभी राहून ती बोट दाखवायची — हितं बांध, हितं विहीर. आता बोट नाही, तर मला नुसत्या लावलेल्या गाड्या दिसतात. हे झालं माझं दुःख. पण त्या दुःखाच्या खाली आणखी एक गोष्ट पडलेली आहे, आणि ती दुःख नाही. ती लबाडी आहे.

थांबा. एकदम सांगता येत नाही. आधी ते यंत्र सांगतो, कारण त्याच्याशिवाय शालन काय होती ते तुम्हाला कळायचं नाही.

माझं काम सोल्डरिंगचं. बुधवार पेठेत, रेडिओचे सुटे भाग मिळतात त्या गल्लीत, मी मिसरूड फुटायच्या आधीपासून बसलो. हात चांगला होता. हे मी फुशारकीनं सांगत नाही — पुढे ह्या चांगल्या हातानंच घात केला, म्हणून सांगतोय. एक दिवस एक मॅडम दुकानात आल्या. विज्ञानाच्या एका संस्थेत संशोधन करायच्या. नाव लिहीत नाही. त्या हयात आहेत आणि आपलं नाव भलत्या ठिकाणी आलेलं त्यांना खपत नाही. माझ्या हातातला सर्किटचा बोर्ड त्यांनी घेतला, उलटा केला, पर्समधून भिंग काढून पाहिला.

“हे तुम्ही केलंय की देवानं?”

“मीच केलंय.”

“मग देवाला सुट्टी द्या. माझ्याकडे काम आहे.”

असं मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मला सगळं काढून दाखवलं. सातवी शिकलेल्याला इतकं नीट समजावणारं माणूस मला आधी भेटलं नव्हतं, नंतरही नाही. म्हणाल्या, मेंदूत पेशी असतात. एका पेशीचा स्वभाव असा — जरा टोचलं तर थोडी हलते आणि गप्प होते. ठरावीक मापाच्या वर टोचलं की एकदम उसळते. उसळली की दमते; मग थोडा वेळ कोणाचंच ऐकत नाही. ह्या स्वभावाचं गणित लोकांनी मांडून ठेवलं आहे. ते गणित तुम्ही तारेत उतरवायचं. एक बोर्ड म्हणजे एक पेशी. खरी नव्हे, तिची नक्कल. असे वीस बोर्ड करायचे, आणि प्रत्येक बोर्ड बाकी सगळ्यांना जोडायचा, म्हणजे एक हलला की एकोणीस जणांना कळेल.

“मग काय होईल?” मी विचारलं.

“बहुतेक वेळ काही होणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “जो तो आपल्या वेळेनं थोडा थोडा डुलत राहील. स्वारगेटच्या डेपोतून गाड्या सुटतात तसं — एक आत्ता, एक मग. सगळ्यांची बेरीज केली तर बारीकशी लाट. दिवसच्या दिवस तेच. आणि मग एखाद दिवशी, कोणी ढकललेलं नसताना, काही बिघडलेलं नसताना, वीसच्या वीस एकदम उसळतील. एकदाच. आणि पुन्हा असे गप्प होतील की काही झालंच नव्हतं.”

“कशानं?”

“तेच तर. पूर आला, फेफरं आलं, की आपण आधी विचारतो कोणी केलं. माझा संशय असा की कधी कधी कोणीच करत नाही. ते त्यांच्या एकत्र असण्यातूनच येतं. पण हा संशय आहे. मला ते घडताना पाहायचंय.”

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं बरं का. ऐकलं नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

मी वीस बोर्ड केले. एकेक रेझिस्टन्स मीटरवर मोजून घेतला, वीसही बोर्ड जुळ्या भावंडांसारखे केले. मॅडमनी तपासले आणि म्हणाल्या, सुरेख, आता बिघडवा. प्रत्येकात थोडा फरक हवा. अगदी एकसारखे ठेवले तर सगळे एका तालावर डोलत बसतील, गंमत फरकातच आहे. मी दोन दिवस तोंड फुगवून होतो. मग केलं. प्रत्येक बोर्डावर मी माझ्या सोयीसाठी एक लाल दिवा बसवला, जोंधळ्याएवढा. बोर्ड उसळला की दिवा लागायचा. वीज पोचते आहे की नाही ते मला कळावं एवढ्यासाठी. मॅडमच्या कामाशी त्या दिव्यांचा संबंध नव्हता. त्यांचं काम कागदावर — वीसही बोर्डांची बेरीज एका रेकॉर्डरला जायची. त्यात कागदाची गुंडाळी हळूहळू सरकायची आणि शाईची सुई त्यावर रेघ काढायची. बारीक लाट, बारीक लाट. दिवसभर.

ती रेघ पाहत बसायला कोणीतरी हवं होतं. कागद बदलायचा, शाई भरायची, वेळ लिहायची, आणि डोळा हलवायचा नाही. मॅडमच्या विद्यार्थ्यांना ते जमेना. तेव्हा नव्या नव्या कंपन्या उघडत होत्या, संगणकाचे क्लास गल्लोगल्ली निघत होते. मुलांचे पाय प्रयोगशाळेत आणि डोकं अमेरिकेत. आणि शालन घरी होती. हडपसरकडच्या एका टीव्हीच्या कारखान्यात ती नऊ वर्षं ओळीत बसून बोर्डांवर भाग घालायची. मग परदेशी टीव्ही दुकानात आले आणि तो कारखाना मिटला. नऊ वर्षं बसायची सवय झालेली बाई घरात येरझारा घालत होती. मी तिचं नाव सुचवलं. हे एक मी बरं केलं.

शालन चौथी पास. बोलणं मांजरीचं, ‘हाय’ आणि ‘न्हाई’. मी पेठेतला, मला तिच्या बोलण्याची चारचौघांत लाज वाटायची. हेही लिहून टाकतो, लिहायलाच बसलोय तर.

पण पाहावं तर शालननं! साडेनवाला डबा घेऊन यायची, खुर्चीत बसायची, पाठ सरळ. विणकाम नाही, पोथी नाही, पुटपुटणं नाही. पाहणं म्हणजे पाहणं. तुम्ही पाहताना काय करता? मी तर दोन मिनिटांत दुसऱ्या विचारात जातो. ती जायची नाही. कागदावर काही वेगळं दिसलं की उठून कपाळाची टिकली काढायची आणि कागदावर त्या जागी चिकटवायची. पुन्हा दुसरी टिकली कपाळाला. पाकीट कमरेला खोचलेलंच असायचं. मॅडमच्या त्या गुंडाळ्यांवर अशा लाल टिकल्या होत्या. विज्ञानाच्या कागदावर टिकल्या! मॅडमना मोठी गंमत वाटायची.

महिन्याभरानं शालन मॅडमना म्हणाली, “बाई, कधी कधी तीन-चार दिवे मिळून उठू बघत्यात. बाकीचे ऐकत न्हाईत. मग तेबी बसत्यात.”

मॅडमनी हातातला कप खाली ठेवला. “पुन्हा सांगा,” म्हणाल्या. शालननं पुन्हा सांगितलं. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं आणि मला म्हणाल्या, “ही चाहूल आहे. मी गणितात शोधत होते, ह्यांना डोळ्यांनी सापडली.” आणि शालनकडे वळून, “ताई, तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्या संशोधक आहात. फक्त हे कोणाला सांगू नका, माझी नोकरी जाईल.” शालन लाजली. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये ती सारखी स्वतःशीच हसत होती. मी विचारलं काय झालं. “कायी न्हाई,” म्हणाली.

इतकं सगळं चांगलं मी का सांगतोय? कारण आता वाईट यायचंय आणि ते मला लांबवायचंय. पण आलंच.

शालन यायच्या आधीची एक गोष्ट. एकदा सुई अशीच वर उडाली होती. मॅडम दिवसभर उड्या मारायच्या बाकी होत्या, चार गावांना फोन झाले. संध्याकाळी कळलं की माझ्या एका बोर्डावरचा सोल्डर ड्राय होता — म्हणजे वरून धरलेला दिसतो, पण आतून सुटा असतो. पंखा लावला की बोर्ड हलायचा आणि सुई उडायची. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तुमच्यामुळे मी एक दिवस फार आनंदात होते. पुन्हा असा आनंद देऊ नका.” बस, एवढंच. पण माझ्या हाताला तोवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. ते वाक्य खिळ्यासारखं बसलं.

मग तो दिवस. मॅडम परगावी, दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. मी दुपारी बुधवार पेठेत सामान आणायला गेलो होतो. साडेतीनच्या सुमारास परत आलो तर शालन दारात उभी. हातात पदराचं टोक. तोंडावर असं काही की मुलगी झाली तेव्हा मी तिला तसं पाहिलं होतं.

“अहो, आली,” म्हणाली. “वीसच्या वीस. वारं नसताना सगळा ऊस एकदम हलावा तशी. आन् लगीच गप.”

आत जाऊन पाहिलं. बारीक लाट, बारीक लाट, आणि मधूनच एक उभी रेघ, कागदाच्या पार काठापर्यंत. वर सुई आपटली तिथं शाईचा ठिपका. शेजारी टिकली. वेळ लिहिलेली — तीन वाजून दहा मिनिटं. मग पुन्हा बारीक लाट. मी इतकी देखणी रेघ पुन्हा पाहिली नाही.

आणि माझ्या मनात काय आलं? ड्राय सोल्डर. दुसरं काहीच आलं नाही. वीस बोर्डांनी, मी माझ्या हातानं केलेल्या वीस बोर्डांनी, मॅडम ज्याची वाट पाहत होत्या नेमकं तेच केलं होतं — आणि मला वाटलं माझी चोरी उघडी पडली. शालनला म्हटलं, तू जा घरी. ती गेली. मी पेन्सिलीच्या टोकानं एकेक बोर्ड ठोकून पाहिला. कुठं काही सुटं नव्हतं. सुई जागची हलली नाही. म्हणजे रेघ खरी होती, हे मला त्याच संध्याकाळी कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. पण भ्यालेला माणूस हाताला काय लागलं ते धरून चालत नाही, काय लागेल ते धरून चालतो.

तो कागद मी कापला. डब्याच्या झाकणात धरून जाळला. टिकलीसकट. दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा मीच पुढे होऊन सांगितलं. “काल सुई उडाली होती. हिला डुलकी लागली आणि टेबलाला धक्का बसला. कागद फाटला, टाकून दिला.” शालन माझ्या मागे उभी होती. तिला मी आधी काही सांगितलं नव्हतं. तिनं ते तिथं, मॅडमच्या समोर, माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

“मी जाग्यावर व्हते,” शालन म्हणाली. “सुई आपसूक गेली.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सोल्डरिंग आयर्नच्या टोकाकडे पाहत होतो. एकीकडे कारागिराचा शब्द, दुसरीकडे चौथी पास बाईचा. मॅडम वाईट नव्हत्या हो. म्हणाल्या, “असू दे शालनताई. माणूस आहे, डोळा लागतो.”

“माझा न्हाई लागला.”

एवढंच बोलली. घरी गेल्यावर तिनं एकदा विचारलं, तुम्ही असं का म्हणालात? मी म्हणालो, “तुला यातलं काय कळतं?”

नऊ वर्षं बोर्ड भरलेल्या बाईला मी हे म्हणालो.

पुढचं ऐका. मॅडमची एक विद्यार्थिनी होती, हुशार, जिभेनं तिखट. तिनं पुणेरी थाटात एक पाटी लिहिली — ‘येथे बसणाऱ्यांनी आपली झोप घरी पूर्ण करून यावे. टेबल हे उशी नाही.’ सगळे हसले. भिंतीला भोक पाडायला ड्रिल माझ्याकडे होतं. ती पाटी शालनच्या खुर्चीच्या बरोबर वर मी लावली. स्क्रू माझेच. रोज सकाळी कोणी ना कोणी म्हणायचं, “काय काकू, झोप झाली का?” शालन म्हणायची, “झाली, झाली.” आणि बसायची. पाठ सरळ.

आणि मी आणखी एक केलं. रेकॉर्डरला जिथं तारा येतात तिथं मागच्या बाजूनं एक झेनर डायोड लावला. काचेचा, तांदळाच्या दाण्याएवढा भाग. त्याचं काम इतकंच — ठरलेल्या उंचीच्या वर वीज जाऊ द्यायची नाही. ती उंची मी बारीक लाटेच्या जरा वर ठेवली. म्हणजे आत काहीही होवो, सुई आता उडणार नव्हती. मी सुई बांधून टाकली. माझ्या सोल्डरला पुन्हा कोणी नाव ठेवणार नव्हतं.

त्यानंतर तो प्रयोग अकरा महिने चालला. कागदावर बारीक लाट. मॅडम रोज यायच्या, गुंडाळी उलगडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. शेवटी शेवटी उलगडायच्याही नाहीत. मग त्यांना नवे संगणक मिळाले, टेबलं लागली, माझे वीस बोर्ड कपाटावर गेले. गुंडाळ्या रद्दीत गेल्या. शालनचं काम संपलं. ती तिखट विद्यार्थिनी सॉफ्टवेअरमध्ये गेली आणि परदेशात स्थायिक झाली. मला मॅडमनी निघताना एक पत्र दिलं — ‘ह्यांच्या हातचा जोड मी अकरा महिन्यांत एकदाही चुकलेला पाहिला नाही.’ ते पत्र मी चौकटीत घालून, नंतर स्वारगेटजवळ दुरुस्तीचं दुकान काढलं तिथं लावलं. तोवर घरोघरी संगणक आले होते. पत्र वाचून लोक मॉनिटर टाकून जायचे.

आता वाटेल, भीतीपायी एकदा खोटं बोललो, झालं. एवढंच असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं. भीती कोणाला वाटत नाही? पण दुसऱ्यांदा भीती नव्हती.

खूप वर्षांनी मॅडम आमच्या घरी आल्या. इथेच, मांजरीला. निवृत्त झालेल्या, केस पांढरे, पण डोळे तेच. म्हणाल्या, संगणकावर आता ते दिसलंय. वीस नाही, शंभर पेशी घेतल्या, थोडा थोडा फरक ठेवला — आणि फार वाट पाहिल्यावर सगळ्या एकदम उसळतात. आधी तीन-चार उठू पाहतात, शालनताई म्हणाल्या होत्या तसंच. “पण लोक म्हणतात हे आकड्यांत झालं. खऱ्या वस्तूत, तारेत, विजेत कोणी पाहिलंय का? मला सारखं वाटतं, त्या दिवशी ताईंनी पाहिलं होतं. कागद नाही, मला माहीत आहे. मला तुमचा शब्द पुरे आहे. खरंच धक्का होता?”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. शालन आत थांबून ऐकत होती.

माझं दुकान मुलीच्या नवऱ्याकडे गेलेलं. माझ्या हाताला आता कोण नाव ठेवणार होतं? काय जाणार होतं माझं? मॅडम तर उलट आनंदानं रडल्या असत्या. मी नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. एक शब्द.

“धक्काच होता, मॅडम,” मी म्हणालो.

का म्हणालो ते मला माहीत आहे, पण सांगत नाही. सांगितलं तर ते कारणासारखं दिसेल.

मॅडमनी मान हलवली. शालननं पोहे आणले. “पोहे फार छान झालेत,” मॅडम म्हणाल्या, आणि खाऊन गेल्या. दार लावून मी आलो तर शालन त्यांच्या बशीतलं लिंबू उचलत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली —

“नंतर चारदा आली ती.”

मी म्हणालो, काय?

“ती. उसळी. सुई तुम्ही बांधली. दिवे कुठं बांधले?”

ते लाल दिवे मी साफ विसरलो होतो. माझ्याच हातानं बसवलेले. आणि झेनर? तो तिला दुसऱ्याच दिवशी सकाळी दिसला होता. “नऊ वर्षं त्येच घातलं की हातानं,” म्हणाली. म्हणजे समोरची सुई बांधलेली आहे, कोणी बांधली आहे आणि का, हे सगळं माहीत असलेली बाई त्या पाटीखाली अकरा महिने बसली. चार वेळा वीसच्या वीस दिवे तिच्या डोळ्यांसमोर एकदम लागले, आणि शेजारी कागदावर बारीक लाट चाललेली.

“मग बोलली का नाहीस?”

“कुणाला? कागदावर काय व्हतं दाखवायला? आन् माझा डोळा लागतो ना.”

हे ती टोचून बोलली नाही. मला टोचून बोललेलं समजतं, मी पुण्याचा आहे. ती सरळ बोलली.

“मग बसलीस कशाला अकरा महिने?”

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय विचारतोय तेच तिला कळेना. “म्हंजी?” म्हणाली. “ती येत व्हती ना. कुणीतरी बघायला नको?”

मी मोठमोठी माणसं जवळून पाहिली आहेत. मॅडमसारखं डोकं मी पाहिलं नाही. पण हे वाक्य मॅडमलाही बोलता आलं नसतं. कौतुक नाही, कागद नाही, कोणी विश्वास ठेवणार नाही, उलट रोज हसतील — आणि तरी डोळा हलवायचा नाही, कारण समोर काहीतरी घडतंय. हिच्याबरोबर मी पन्नास वर्षांच्या आसपास राहिलो, आणि तिच्या बोलण्याची मला लाज वाटायची.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं होती. मॅडमचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता. मी फोन केला नाही. तिनंही कधी करा म्हटलं नाही. मग ती आजारी पडली, आणि गेली.

तेव्हा आता लिहून ठेवतो, शालननं मला सांगितलं तसं. पहिली मी जाळली ती. दुसरी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सकाळी, ती नुकती बसली होती. तिसरी होळीनंतर पाचव्या दिवशी, डबा खायच्या आधी. चौथी आणि पाचवी एकाच आठवड्यात, आषाढात. मंगळवारी एक आणि शनिवारी एक, दोन्ही दुपारी. प्रत्येक वेळी आधी तीन-चार दिवे, मग वीसही, मग गप्प. तिनं पाहिल्या. बोर्डांत काही बिघाड नव्हता. मॅडम हे वाचतील. वाचू देत.

आणि एक राहिलं, ते शालनलाही मी कधी बोललो नाही. तिची खुर्ची टेबलापासून चांगली दीड हात लांब असायची. टेबल हलू नये म्हणून मीच ती तिथं ठेवली होती; टिकली लावायलासुद्धा तिला उठून पुढे यावं लागायचं. बसल्या जागेवरून तिचा धक्का टेबलाला लागणं शक्यच नव्हतं. खोटं बोललो त्या सकाळी, मॅडम यायच्या आधी, मी ती खुर्ची ओढून टेबलाला चिकटवून ठेवली. शालन आली, मॅडमच्याही आधी. तिनं खुर्ची कुठं आहे ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि ती मागे न घेता, आहे तिथंच, तिच्यावर बसली.